हाताला कळणारं चाक

हरिओमनं शर्यतीच्या गेमसाठी हिसके देणारं स्टिअरिंग आणलं, त्याला दोन महिने झाले. सुरुवातीला ते हातातून सुटायचं, मनगटं सुजायची. आता मात्र हात बसला होता. "टायर घसरायच्या आधीच मला हाताला कळतंय," असं तो बायकोला, सुकन्याला, जेवतानाही ऐकवायचा. खुर्चीत बसून घाम गाळणाऱ्या या ड्रायव्हरची तिला आता कीवही येत नव्हती. आज तिनं कपड्यांच्या दोन बॅगा दाराशी आणल्या, घराची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "मी मुदखेडला आईकडं चालले. आता परत येणार न्हाई."



हरिओमनं अवघड वळण अलगद काढलं आणि मागं न बघता म्हणाला, "बरं. येताना दूध आण."