तिरका झरोका

"उद्या चर्चच्या उद्घाटनाला बिशप येतील, तेव्हा तुम्ही लोकांनी आत यायचं नाही," पामरसाहेब म्हणाले. "आणि नारळबिरळ तर मुळीच नाही."

आकाराम गवंडी चर्चच्या दारातच थांबला. मागं त्याची बायको रंगुबाई, हातात नारळ. तीन वर्षं तिनं डोक्यावरून चुन्याच्या पाट्या वाहिल्या होत्या. काम पुरं झालं की शेवटचा दगड बसवणाऱ्यानं उंबऱ्याच्या आत नारळ फोडायचा, ही गवंड्यांची रीत. मग ते देऊळ असो नाहीतर पाटलाचं घर. पाचगणीतल्या या चर्चनंच काय घोडं मारलंय, ते तिला कळेना.

साहेबांचं खूळही जगावेगळंच. सन सेहेचाळीस. गोरे लोक बिऱ्हाड आवरायला लागले होते, आणि यांना विलायतेतल्या आपल्या गावचं सहाशे वर्षांचं जुनं चर्च इथं जांभ्या दगडात हवं होतं. तोच बसका चौकोनी मनोरा, त्याच टोकदार कमानी. वेदीजवळच्या भिंतीत तोच तिरका झरोका, बाहेर रुंद आणि आत जेमतेम वीतभर. तो आकारामनं चारदा पाडून पाचव्यांदा जमवला होता. साऱ्या बांधकामात त्याचा जीव तेवढ्या झरोक्यातच अडकला होता.

"मग आमी बगायचं कुठनं?" रंगुबाईनं विचारलं.

"झरोक्यातून. त्यासाठीच असतो तो. आमच्या गावी महारोगी बाहेर उभे राहून त्यातून वेदी पाहत."

आकारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीन वर्सं आत राबलो, तवा धडधाकट हुतो. आजच रोग जडला व्हय आमास्नी?"

"बाहेर हो!" साहेब ओरडले आणि त्यांनी दाराला कुलूप घातलं.

रविवारी सकाळी बिशपची मोटार घाट चढत होती. बिशप हे पामरसाहेबांच्याच मुलखातले. त्यांना सगळ्यात आधी झरोका दाखवायचा, असं साहेबांनी पत्रातही लिहिलं होतं. मोटार यायच्या आधी साहेब वेदीपाशी गेले आणि बघतच राहिले. झरोक्यात दगड होता. सांध्यात सुई शिरली नसती, इतका नेमका. साहेबांनी तो ढकलला, काठीनं ठोकला. दगड ढिम्म हलला नाही.

ते तरातरा बाहेर आले. आकाराम भिंतीला टेकून तंबाखू मळत बसला होता.

"बदमाश! काढ तो दगड!"

"काढतो की." आकाराम जागचा उठला नाही. "पर काल सांजच्याला बाहेरनं पाचरीवानी ठोकून बसवलाय. आता बाहेरनं न्हाई निगायचा. आतनं छिन्नी लावून घाव घालाय पायजे."

खालच्या वळणावर मोटारीचा भोंगा वाजला. साहेबांनी तिकडं पाहिलं, मग आकारामकडं.

"आमी आत यायचं का न्हाई, ते तुमी सांगा," आकाराम म्हणाला.

साहेबांनी दाराकडं हात केला. रंगुबाई तोवर पायांवरचा चुना धुऊन, नारळ घेऊन दाराशी उभी राहिली होती.