कार्डावरची तारीख

"तुझं कितीपर्यंत आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

वकीलबाई अकरा वर्षांच्या. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या त्या संस्थेत हे नाव त्यांना स्वयंपाकीणबाईंनी दिलं होतं, कारण उलटतपासणी केल्याशिवाय ही पोरगी कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे.

समोर बसलेल्या इंटर्नने प्रश्न कळला नाही असं दाखवलं. मुलीने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र फितीला धरून जवळ ओढलं आणि वाचलं.

"तीस तारीख. म्हणजे नऊच दिवस." तिने कार्ड सोडून दिलं.

सव्वातीन वाजले होते. मुलीला काकाबरोबर पाठवायचं की नाही, हे चार वाजता समिती ठरवणार होती. काका बाहेर बाकावर बसला होता. त्याचे कागद जुळत होते. घोडं अडलं होतं ते अर्जातल्या एका रकान्यापाशी: 'मुलीचं म्हणणं, तिच्याच शब्दांत.' संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी दोन दिवस प्रयत्न करून हात टेकले होते. "तू वयाने लहान आहेस, तुला सांगेल," असं म्हणून त्यांनी इंटर्नला पुढे केलं होतं.

इंटर्नच्या मांडीवर मुलीची फाइल होती. तिच्याआधी सात इंटर्न येऊन गेले होते. जाण्याआधी प्रत्येकाने एका मुलाची गोष्ट लिहून द्यायची, तरच प्रमाणपत्र मिळायचं, आणि सातही जणांनी हीच मुलगी निवडली होती. एका गोष्टीत तिचे वडील ट्रक चालवत होते. दुसरीत ते सैन्यात होते. तिसरीत त्यांना वाघाने खाल्लं होतं, आणि त्याखाली शेरा होता, 'मूल कल्पक आहे.' सकाळी इंटर्नला हे वाचून हसू आलं होतं. आता येत नव्हतं. ही आजही वाघच सांगेल आणि तोच रकान्यात जाईल, अशी तिला भीती वाटत होती.

शिवाय तो काका. त्याने पुतणीसाठी फ्रॉक आणला होता. "सख्खा काका म्हणे, आणि फ्रॉक सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा," मोठ्या बाई तिच्या कानाशी म्हणाल्या होत्या. "माझ्या मनात तर पाल चुकचुकली बाई." तेव्हापासून इंटर्नच्याही मनात ती चुकचुकत होती.

"तू खरं सांगितलंस तर मी तेच लिहीन," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. मग गोष्ट घेतात आणि जातात." मुलगी थोडी पुढे सरकली. आवाज एकदम गोड झाला. "तीस तारखेनंतर येशील मला भेटायला?"

इंटर्न 'हो' म्हणणारच होती. मग तिला कॉलेज आठवलं, परीक्षा आठवली, आईने परतीचं तिकीट कधीच काढून ठेवलंय ते आठवलं.

"नाही," ती म्हणाली. "वाटलं तरी जमणार नाही." तिला स्वतःचीच लाज वाटली.

वांगं घेताना कीड आहे का बघतात, तसं मुलीने तिला सगळीकडून पाहून घेतलं.

"सातही जण हो म्हणाले होते. एकाने तर शपथ घेतली होती." मग तिने दाराकडे बोट केलं. "त्यांना आत बोलव."

"तुला तर काकांना भेटायचं नव्हतं ना?"

"भेटायचं नाहीये. विचारायचंय."

काका आत आला. मोठ्या बाई हाताची घडी घालून दारातच उभ्या राहिल्या. काकाने पिशवीतून फ्रॉक काढला, लांबूनच पुतणीसमोर धरून पाहिला, आणि तो ओशाळला. फ्रॉक कमरेच्या खाली पोचत नव्हता.

"चुकलंच माझं. शेवटचं पाहिलं तेव्हा तू एवढीच होतीस."

दारातून मोठ्या बाईंचं खाकरणं ऐकू आलं. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

मुलीने फ्रॉककडे पाहिलंच नाही. ती काकाजवळ गेली आणि त्याच्या गळ्यातला पास तिने हातात घेतला. फाटकावरचा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात तो घालायचा.

"पाहुणा. फक्त आजपुरता," तिने मोठ्याने वाचलं. मग इंटर्नकडे वळून म्हणाली, "बघ. यांचं तर आजचंच आहे."

काकाने गोंधळून खाली पाहिलं आणि घाईघाईने फीत डोक्यावरून काढली. "हे माझं नाही गं. गेटवर दिलंय, जाताना परत करायचंय."

"मग तुमचं कितीपर्यंत आहे?"

"काय कितीपर्यंत?"

"मला नेणार ना? किती दिवसांसाठी?"

काकाने आधी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग इंटर्नकडे. हा प्रश्न अर्जातलाच असावा आणि उत्तर चुकलं तर पोर हातची जाईल, असं त्याला वाटलं असणार. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ताई," तो इंटर्नला हळूच म्हणाला, "कशाचे किती दिवस? मला नाही कळलं. ही काय विचारतेय ते जरा सांगता का?"

इंटर्नचं पेन रकान्यावर टेकलेलं होतं. मोठ्या बाईंच्या हातांची घडी केव्हा सुटली, ते त्यांनाही कळलं नसेल.

माणूस कुणीही असो, वकीलबाईंची नजर त्याच्या गळ्याच्या वर कधी जात नसे. ती आता वर गेली, आणि काकाच्या चेहऱ्यावर बराच वेळ राहिली.

"बघू तो फ्रॉक," ती म्हणाली.