सोडलेली जागा

एका कला कॉलेजातल्या चित्रकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंची निवड पहिल्या क्रमांकानं झाली होती. पण फीचा आकडा ऐकून बँकेनं हात वर केले, घरच्यांनी विषयच बदलला आणि बाईंनी धुसफुसत जागा सोडली.

वर्षभरानं एका विद्यार्थिनीची आई त्याच कॉलेजचं नवं माहितीपुस्तक घेऊन शाळेत आली. मुखपृष्ठावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "शाळा संपली की हिला इथंच घालणार. बघा ना, काय हात आहे! राग मानू नका बाई, पण असलं काही तुमच्याकडून शिकायला मिळत नाही हो."

बाईंनी माहितीपुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ पाहिलं.

चित्र त्यांनीच प्रवेशासाठी पाठवलेलं होतं. कोपऱ्यातली त्यांची सही तेवढी छाटली होती.