वत्सलाबाईंचं जपानी हृदय

"कुणाला खरं वाटणार नाही, पण राउटर मी एकट्यानं दुरुस्त केला," यशवंतराव बायकोला म्हणाले. "कंपनीचा इंजिनियर म्हणतो, काका, आमच्याकडे नोकरीला या."

वत्सलाबाईंचं कृत्रिम हृदय जपानी होतं. जपानबाहेर आहोत असं कळलं की ते बंद पडे. राउटरमधलं व्हीपीएन त्याला जपानातच असल्याचं भासवी. आज खंडेनवमीच्या पूजेसाठी राउटरच्या भोकांतली धूळ कोरताना यशवंतरावांच्या काडीनं रीसेटचं बटण दाबलं गेलं आणि सगळं सेटिंग पुसलं गेलं.

"हे बघ, टोकियो." त्यांनी मोबाइलवरचा नकाशा दाखवला.

वत्सलाबाईंना धाप लागली होती.

"खोटं बोलताय, अहो. टोकियोत फक्त तुमचा मोबाइल आहे. माझ्या हृदयाला कळलंय, आपण चिपळुणात आहोत."