बुटातला बोळा

मालकीणबाईंनी बूट उलटा केला, टाच उजेडाकडे धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे बूट कोण घालतं?"

"मीच घालते, आजी," पोरगी म्हणाली.

"आजी नाही, मालकीणबाई. आणि ही टाच बघ. एवढी झिजवायला तुझ्या अंगावर मूठभर तरी मांस आहे का?"

मालकीणबाईंनी बुटात हात घातला. टोकाशी चिंधीचा बोळा होता. तो ओढून काढला आणि आत बोटं फिरवली. आतल्या तळव्यावर पायाच्या बोटांचे खळगे पडले होते. एक रांग बोळ्याच्या अलीकडे, पोरीची. दुसरी पार टोकाला टेकलेली. बुटांच्या दुकानात केस पांढरे केलेल्या बाईला याहून जास्त काय सांगायला हवं? एका जोडात दोघं चालत होते.

पोरगी पुलापलीकडच्या तंबूंच्या वस्तीतली. लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं तिथे राहत. ती रोज दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. काच पुसून पुसून कंटाळा आला, म्हणून मालकीणबाईंनी तिला शाळेत घातलं. निदान सगळ्यांना त्या असंच सांगत. फी त्यांची, वह्या त्यांच्या, बूटही त्यांचेच. देताना त्यांनी बजावलं होतं, "शाळा आहे ती. फाटक्या चपला घालून जायची जागा नाही." पोरीने दोन नंबर मोठे मागितले तेव्हा त्यांना कोण कौतुक वाटलं होतं. पोर धोरणी आहे, वाढत्या पायाचा विचार करते! आता त्या कौतुकाचाच त्यांना जास्त राग आला.

"घरातलं कोण मिरवतंय माझ्या बुटांवर? सांग, नाहीतर उद्यापासून फी बंद."

पोरीचे डोळे भरले. दप्तरातून प्रगतिपुस्तक काढून तिने काउंटरवर ठेवलं. मालकीणबाईंनी ते उघडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मिटलं.

"सून बघेल नंतर. माझा चष्मा घरी राहिला."

"चष्मा डोक्यावर आहे, आई," सून आतून म्हणाली.

"तू तुझे खोके रच."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मालकीणबाईंनी दुकान सुनेवर सोपवलं. पायात चपला सरकवल्या. जन्मभर बूट विकले, पण स्वतःच्या पायात कायम चपलाच. शाळेच्या फाटकासमोर कोणाची तरी हातगाडी होती, तिच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या. कोण ते एकदा डोळ्यांनी बघायचं, चार शब्द सुनवायचे आणि विषय संपवायचा.

पोरं सुटली. पोरगी बाहेर येऊन पायरीवर बसली. तिने बूट काढले, बोळे काढून खिशात टाकले. एक बाई लगबगीने आली. तिच्या चपलेचा अंगठा दोरीने बांधलेला होता. तिने चपला काढून पोरीला दिल्या, ओढणीच्या टोकाने बूट पुसले, पायात घातले आणि ताठ उभी राहिली.

आता ही निघाली कामाला, मालकीणबाईंनी मनात म्हटलं. पण बाई रस्त्याकडे वळलीच नाही. ती फाटकातून आत निघाली.

मालकीणबाईंनी जाऊन तिचं मनगट धरलं.

"अगं ए, कुठे?"

"ही माझी आई आहे," पोरगी मध्ये पडली. "संध्याकाळी मोठ्या बायकांचा वर्ग असतो. फुकट असतो. आई माझ्याच बाकावर बसते. आजी, फी बंद करू नका."

"मग पोरीचे बूट कशाला हवेत?"

बाईला इथली भाषा नवी होती. ती एकेक शब्द जपून ठेवत बोलली. "शाळा आहे ना, ताई. फाटक्या चपला घालून कशी जाऊ?"

मालकीणबाईंचेच शब्द त्यांच्या अंगावर आले. त्या काही बोलणार, तोच बाई पुढे म्हणाली, "पोर प्रगतिपुस्तक आणते. मी नुसतं हातात धरते. सगळं काळं काळं दिसतं." मग तिने आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही तर वाचलंत. पोर खरंच हुशार आहे?"

मालकीणबाईंनी मनगट सोडलं आणि प्रगतिपुस्तकावरून नुसतंच फिरवलेलं बोट मुठीत मिटलं.

"वर्गाला उशीर होतोय तुला," त्या म्हणाल्या. "जा."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मालकीणबाईंनी फळीवरून दोन खोके उतरवले. एक पोरीच्या मापाचा, बोळा न लागणारा. एक तिच्या आईच्या मापाचा. काउंटरवरचं प्रगतिपुस्तक उचलून पिशवीत टाकलं. सुनेने वाचून दाखवायला हात पुढे केला.

"राहू दे. घाई नाही," त्या म्हणाल्या.

"एवढं घेऊन निघालात कुठे, आई? आणि दुकान?"

जन्मभर ज्या स्टुलावर गिऱ्हाइकाला बसवलं, त्यावर मालकीणबाई स्वतः बसल्या. चपला बाजूला सारल्या आणि पाय सुनेपुढे केला.

"बघत काय राहिलीस? माप घे," त्या म्हणाल्या. "शाळा आहे ती. चपला घालून कशी जाऊ?"