निळा अभ्रा

“एकही रात्र चुकवली नाहीस?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“एकही नाही. मटारच्या दाण्याएवढं मलम, रोज. कॅलेंडरवर खूण करते.”

रंजिता पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती; खुणा केल्याशिवाय तिचं कुठलंच काम होत नसे. आठ महिन्यांच्या गोळ्यांनी गालांवरच्या मुरुमांच्या गाठी बसल्या होत्या. त्या पुन्हा उठू नयेत म्हणून आता दोन वर्षं नुसतं मलम लावायचं होतं. सहा महिने चेहरा स्वच्छ राहिला. मग, हरेशचं स्थळ आलं त्याच सुमारास, हनुवटीवर तीन गाठी उठल्या. आज अकरा होत्या.

“मग हे व्हायला नको,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी औषधाच्या माहितीचा कागद तिच्या हातात दिला.

व्हायला नको हे तिलाही कळत होतं. तिनं दूध सोडून पाहिलं, मग गोड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साबण बदलला. कपड्यांची पावडर बदलली; उशीच्या निळ्या अभ्र्यावर आधी पडायचे ते पांढरे डाग तेवढे आता पडत नव्हते. गाठी थांबल्या नाहीत.

तळवलीच्या घरी आई कोलंबी सोलत बसली होती. वडील गेल्यापासून त्या दुमजली घरात दोघीच राहत.

“काय बोलली गो डाक्टरीन?” सगुणानं विचारलं.

“तिलाही कळत नाहीये. आई, रविवारी येऊ नका म्हणून सांग त्यांना.”

हरेश खारघरचा. तो तिला आवडला होता. लग्नानंतर दोघं बंगळूरूला जाणार होती. पण शाळेत पोरं तिला ‘खडी’ म्हणायची. तो चेहरा घेऊन ती कुणासमोर बसणार नव्हती. दोनदा तिनंच भेट पुढे ढकलली होती.

“या वेळी नाही जमलं तर त्याच्या घरचे दुसरी मुलगी बघणार आहेत.”

“बघू दे. माजी बाय मला जड हाय का?” सगुणा हसली. “आनी तू बंगळूरला गेलीस तर एवढी कोलंबी सोलायची कुनासाठी?” तिनं हात धुतले आणि पदराला पुसले.

“नॅपकिन आहे ना, आई!”

“माजा पदरच माजा नॅपकिन. नवी डबी आनलीय बघ, कपाटात हाय.”

मलमाची डबी दर महिन्याला वाशीच्या दवाखान्यातून तीच आणायची. लेकीला कामातून वेळ कुठला?

शनिवारी सकाळी रंजितानं तो कागद शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: या औषधाने रंगीत कापडाचा रंग उडतो.

ती दोनदा वाचून थांबली. मग डाग पावडरीचे नव्हतेच. आणि मलम तर ती रोज लावत होती; मग डाग थांबले कसे?

तिनं अभ्र्याच्या कोपऱ्यावर मटारएवढं मलम चोळलं, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि वेळ लिहून ठेवली. संध्याकाळी पाहिलं. कोपरा निळाच. नाकाशी नेला, तर कोल्ड क्रीमचा गोड वास.

दवाखान्यात चुकीची डबी भरली असेल? इतके महिने सलग? तिनं फोन उचलला.

तेवढ्यात सगुणा चहा घेऊन आत आली. कप ठेवला आणि सवयीनं बोटं पदराला पुसली.

“मलम संपत आलं का गो, बाय?”

त्या हिरव्या पदरावर, नेमकं तिथंच, चार बोटांचे पांढरे पट्टे उठले होते.