पारोसा कोट

कोट काही केल्या बुडेना. शालनताई दोन्ही हातांनी त्याला टबात दाबत होत्या आणि तो हट्टी पोरासारखा फुगून पुन्हा वर येत होता. "आता बघतेच तुझ्याकडे," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. भसाभसा बुडबुडे आले, पाणी काळं झालं आणि कोट एकदाचा खाली गेला. त्यांना फार बरं वाटलं.

कोट विश्वजीतचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा. तो कॅनडात विनिपेगला असतो. सुट्टीला खराडीच्या घरी आला होता आणि आज दुपारी टॅक्सीने मुंबईच्या विमानतळाकडे निघणार होता. सकाळी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं होतं, "हा कोट शेवटचा कधी धुतलास रे?"

"कोट कोण धुतं, आई? थंडी संपली की वर्षातून एकदा क्लीनिंगला देतात."

"मग तू कधी दिलास?"

"द्यायचाय," तो म्हणाला आणि हसत हसत कसब्यात मित्राला भेटायला निघून गेला.

म्हणजे घेतल्यापासून नाहीच. तीन हिवाळे! शालनताईंच्या अंगावर काटा आला. त्यांच्या घरात नुसता भाजी आणायला घातलेला शर्टसुद्धा परत कपाटात जात नाही, आणि हा पारोसा कोट बसमधून, विमानातून, कुठल्या कुठल्या खुर्च्यांवरून फिरून येतो आणि पोराच्या गळ्याशी बसतो. माणूस घरातून निघावा तो धुतल्या कपड्यांत, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पोरगा तिकडे तापाने फणफणला तरी त्याच्या उशाशी जाऊन बसणं काही त्यांना जमणार नव्हतं. कोट तेवढा धुता येत होता, म्हणून त्यांनी कढत पाणी काढलं आणि पावडरही मूठभर जास्तच टाकली.

बाहेर काढताना मात्र तो भिजलेल्या गादीसारखा जड लागला. कसाबसा पिळून त्यांनी तो गच्चीवर नेला. दोरीवर घातला, झटकला, आणि हात थांबला. कोटाला आडव्या शिवणी होत्या, कप्प्याकप्प्यांचा होता तो. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एक ओला गोळा बसला होता. वरचा भाग चिमटीत धरला तर कापडाला कापड लागत होतं.

"अहो, जरा वर या!"

दिगंबरराव चष्मा पुसत आले. त्यांनी आतल्या बाजूची पट्टी उलटून पाहिली.

"टबाचं चित्र आहे. त्यावर फुली मारलीये."

"फुली म्हणजे?"

"म्हणजे आपण सकाळपासून जे केलंत ते."

"चेष्टा पुरे. हे गोळे कसले आहेत ते सांगा."

"पिसं होती," दिगंबरराव म्हणाले. "त्यांचीच ऊब असते."

मग जे जे सुचलं ते झालं. इस्त्री फिरवली. शेजारच्या शकूकडून केस वाळवायचं यंत्र आणलं, ते तापून बंद पडलं. शालनताई एकेक गोळा बोटांनी कुस्करत बसल्या. तो फुटायचा आणि हात काढला की पुन्हा जमायचा. कापड वाळलं, गोळे ओलेच राहिले. ओल्या कोंबडीसारखा वास घरभर सुटला.

"तिकडे आज उणे चोवीस आहे," दिगंबरराव मोबाइल बघून म्हणाले.

"कशाला सांगता मला?"

"घेईल गं नवीन."

"घेणारा असता तर तीन वर्षं हाच घातला असता का?"

 दिगंबररावांनी पंखा पाचावर केला.

विश्वजीत आला तेव्हा कोट खुर्चीच्या पाठीवर होता आणि खाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं. ओरड रे, शालनताई मनात म्हणत होत्या. शाळेत असताना त्याची चित्रकलेची वही त्यांनी ओल्या फडक्याने पुसून काढली होती तेव्हा तो घर डोक्यावर घेऊन ओरडला होता. तसा ओरडला असता तर त्यांना रडता तरी आलं असतं.

तो कोटाजवळ गेला. एक कप्पा त्याने चाचपून पाहिला. मग आईचे हात पाहिले, पावडरने पांढरे पडून सुरकुतलेले.

"मस्त निघालाय की! दुकानातसुद्धा इतका स्वच्छ नव्हता."

"विशू, तो वाळला नाहीये रे. आतलं सगळं गेलंय. मला माहीत नव्हतं—"

"विमानात वाळतो. तिथली हवा कोरडी असते."

"राहू दे तो इथेच. बाबांचा स्वेटर घाल, माझी शाल घे."

"उतरल्यावर कोटच लागतो गं, आई."

टॅक्सी आली. दुपारच्या उन्हात रखवालदारसुद्धा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता. विश्वजीतने कोट अंगात घातला आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. कपाळावर घाम आला तरी हसत होता. बॅग उचलताना म्हणाला, "बघ, गरम होतंय." दिगंबरराव दुसरीकडे पाहू लागले.

काढ तो, असं शालनताईंच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या प्रेमाने घातलेला कोट काढ म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. आणि काढून तरी त्याला दुसरं काय देणार होत्या?

तो पाया पडायला वाकला. आशीर्वाद द्यायला त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताला थेट पाठीचा कणा लागला.